श्वानांतील अन्न-ॲलर्जी आणि घरगुती आहार

कुत्र्याची रोगप्रतिकारक यंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिक्रिया देऊ लागली, म्हणजे त्यास अन्न-ॲलर्जी अथवा मराठी परिभाषेत अन्नाची अधिहर्षता म्हणतात. दूध न पचल्याने होणारी हगवण किंवा शिळ्या मांसाने झालेली विषबाधा यांत या यंत्रणेचा भाग नसतो, त्यामुळे त्यांची गणना ॲलर्जीत होत नाही. मात्र बाहेरून दिसणारी लक्षणे पुष्कळदा सारखीच असल्याने व्यवहारात या सर्वांची सरमिसळ होते. ॲलर्जी अचानक नव्या पदार्थाने होते, हा समजही बरोबर नाही. जे अन्न कुत्रा महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे बिनतक्रार खात आला, त्यातीलच एखादे प्रथिन बहुधा त्रासाचे कारण ठरते.

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे ऋतुमानाशी संबंध नसलेली, बारमाही खाज. पंजे सतत चाटणे, कानांचा वारंवार दाह होणे, बगल, जांघ, पोट व गुदद्वाराभोवतीची त्वचा लाल होणे आणि खाजवून झालेल्या जखमांत जिवाणूंचा किंवा यीस्टचा संसर्ग होणे, असा क्रम सामान्यपणे दिसतो. काही कुत्र्यांना उलट्या, पातळ शौच किंवा दिवसातून अनेकदा शौचास होणे हा त्रासही होतो. पुष्कळ रुग्णांत पहिली लक्षणे वयाच्या पहिल्या वर्षातच दिसू लागतात. लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व जर्मन शेफर्ड यांची नावे प्रसिद्ध रुग्णनोंदींत वारंवार येतात; परंतु या जाती मुळातच मोठ्या संख्येने पाळल्या जातात, हेही लक्षात घ्यावे लागते. पिसवा, गोचीड, खरूज आणि धूळ-परागकणांची ॲलर्जी ही खाजेची अधिक नेहमीची कारणे असल्याने ती आधी तपासावी लागतात.

कोणते अन्न दोषी ठरते, याचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला आढावा २९७ कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेला होता. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधल्याचे दिसले. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील खाण्याच्या सवयी दाखवतात; गोमांसात काही अंगभूत दोष आहे, असे त्यांतून सिद्ध होत नाही. दूध-पोळी, दहीभात, उकडलेली कोंबडी आणि ग्लुकोज बिस्किटे यांवर वाढलेल्या महाराष्ट्रातील कुत्र्याच्या बाबतीत संशयाची सुई साहजिकच दूध, गहू व कोंबडी यांकडे आधी वळते. परदेशी यादी जशीच्या तशी उचलून उपचार आखणे म्हणूनच चुकीचे ठरते.

रक्त, लाळ किंवा केस तपासून अन्न-ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या बाजारात उपलब्ध असल्या, तरी निदानासाठी त्यांवर विसंबता येत नाही. निरोगी कुत्र्यांचे नमुनेही त्यांत दोषी ठरल्याचे आढळले आहे. खात्रीची पद्धत एकच, ती म्हणजे वगळणीचा आहार किंवा एलिमिनेशन डाएट. यात कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच अन्न आठ आठवडे दिले जाते. अन्न-ॲलर्जी असलेल्या ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत पाच आठवड्यांत, तर ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत आठ आठवड्यांत लक्षणे ओसरतात. मात्र खाज थांबली एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही. जुने अन्न पुन्हा सुरू केल्यावर, बहुधा दोन आठवड्यांच्या आत, खाज परतली तरच ॲलर्जी सिद्ध होते. पालक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण बरे झालेल्या जनावराला पुन्हा त्रास देणे जिवावर येते. त्यानंतर कोंबडी, दूध, गहू, अंडी असा एकेक पदार्थ देऊन नेमका दोषी शोधता येतो.

घरगुती आहाराचे खरे मोल या चाचणीत आहे. विकतच्या काही खाद्यांत वेष्टनावर न लिहिलेल्या प्राण्यांची प्रथिने सापडली आहेत, तर घरी शिजवलेल्या भांड्यात काय आहे, हे शिजवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. प्रथिन निवडताना प्राण्यांचे नाते पाहावे लागते. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांची प्रथिने परस्परांशी मिळतीजुळती असल्याने गाईच्या दुधावर वाढलेल्या कुत्र्याला म्हशीचे मांस पूर्णपणे नवे ठरत नाही. कोंबडी व मासे यांच्या प्रथिनांतही साम्य असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, मात्र त्याचे प्रत्यक्षातील महत्त्व प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते. डुकराचे मांस गोव्यात सहज मिळते आणि पुष्कळ कुत्र्यांना ते खरोखर नवे असते. कोकण किनाऱ्यावरील मासे खाणाऱ्या घरांत बांगडा हा नवा पदार्थ नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पिष्टमय पदार्थासाठी आपल्याकडील उपवासाची यादी अनपेक्षितपणे उपयोगी पडते: रताळे, साबुदाणा, वरी किंवा राजगिरा यांत गहू नसतो. अर्थात ते तूप, शेंगदाण्याचे कूट, मिरची व मीठ यांशिवाय नुसते शिजवून द्यावे लागतात. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असल्याने घरातल्या माणसांसाठी केलेला रस्सा त्यांना चालत नाही.

चाचणी फसण्याची कारणे बहुधा स्वयंपाकघरातच सापडतात. आजी हळूच पोळीचा तुकडा टाकते, शेजारी बिस्किट देतात, लहान मुलांच्या ताटाखाली भाताची शिते पडतात. जंतांच्या किंवा गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो आणि जिलेटिनच्या कॅप्सूल प्राणिजन्य असतात. इतक्या किरकोळ मात्रेनेही लक्षणे कायम राहू शकतात.

चाचणीसाठी चालणारे दोन पदार्थांचे जेवण कायमचा आहार म्हणून मात्र चालत नाही. वाढत्या पिल्लाला तर ते चाचणीपुरतेही तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, तर कुत्र्याला कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण १:१ ते २:१ लागते. नुसत्या मांस-भातावर वाढलेल्या पिल्लांची हाडे शरीर स्वतःच झिजवू लागते, जबडा मऊ पडतो आणि पाय वाकतात किंवा मोडतात. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० किलोकॅलरी लागतात व त्यासोबत अदमासे ०.८ ग्रॅम कॅल्शियम. अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीच्या अर्ध्या चहाच्या चमच्यात ते साधारण मिळते. अंड्याची ॲलर्जी असल्यास टरफलाला चिकटलेल्या पापुद्र्याचा धोका नको म्हणून शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट वापरतात. कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे तेही अन्नातूनच द्यावे लागते. जस्त, आयोडीन, तांबे, ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ मेदाम्ले यांचीही घरच्या जेवणात उणीव पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा होता, आणि त्यांतील काही पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. आलटून-पालटून खाऊ घातले म्हणजे उणिवा भरून निघतात, हे सांगणेही टिकत नाही, कारण बहुतेक पाककृतींतील उणिवा सारख्याच असतात. हा हिशेब घरी न जमल्यास लहान तुकड्यांत मोडलेल्या प्रथिनांचे, म्हणजे हायड्रोलाइज्ड, तयार खाद्य हा अधिक सुरक्षित पर्याय ठरतो. किंमत मात्र पुष्कळ असते.

कच्च्या आहाराचा पुरस्कार ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून केला आणि तो ‘बार्फ’ (बोन्स अँड रॉ फूड, म्हणजे हाडे व कच्चे अन्न) या संक्षेपाने जगभर पसरला. कुत्रा हा मुळात लांडगा, म्हणून त्याला कच्चे मांस व हाडेच योग्य, असा त्यामागील युक्तिवाद आहे. परंतु माणसाच्या सहवासात कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या प्रती वाढल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले. ॲलर्जीपुरते पाहिल्यास हा वाद जवळजवळ गैरलागू आहे, कारण कोंबडी ज्याला बाधते त्याला ती कच्चीही बाधते. कच्च्या आहाराने बऱ्या झालेल्या कुत्र्यांच्या बाबतीत बहुधा जुने प्रथिन सुटलेले असते आणि श्रेय कच्चेपणाला मिळते.

धोके मात्र खरे आहेत. नेदरलँड्समध्ये २०१८ साली तपासलेल्या ३५ गोठवलेल्या कच्च्या खाद्यांपैकी १९ मध्ये लिस्टेरिया, ८ मध्ये ई. कोलायचा घातक ओ-१५७ प्रकार आणि ७ मध्ये साल्मोनेला आढळला. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत, आणि कुत्रा स्वतः धडधाकट दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून व लाळेतून ते घरातील लहान मुलांपर्यंत व वृद्धांपर्यंत पोचतात. मांस पूर्ण शिजवल्यास ते नष्ट होतात. हाडे मात्र शिजवल्यावर ठिसूळ होऊन टोकदार फुटतात, म्हणून शिजवलेल्या आहारात कॅल्शियम पुडीच्या रूपानेच देतात. आपल्याकडे खाटकाकडून मिळणारी कच्ची कलेजी, फुप्फुसे किंवा त्यांचे टाकाऊ तुकडे कुत्र्यांना घालण्याची जुनी सवय आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांतील पाण्याने भरलेल्या गाठी खाल्ल्याने एकायनोकॉकस हा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात हायडॅटिड गाठी होतात, आणि त्या काढण्यासाठी कधीकधी शस्त्रक्रिया करावी लागते. कलेजी शिजवून दिली आणि पशुवैद्याने सांगितलेल्या वेळापत्रकानुसार प्राझिक्वाँटेल हे फीतकृमीनाशक औषध दिले, तर हे चक्र कुत्र्यापाशीच तुटते. प्राझिक्वाँटेलच्या पुष्कळ गोळ्यांनाही मांसाचा स्वाद असल्याने ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी बिनस्वादाची गोळी मागून घ्यावी लागते.