ठासणीची म्हणून जपलेली स्नायडर: एका कापलेल्या पलटणी बंदुकीची पार्श्वभूमी

गिरगावात एका स्नेह्यांच्या घरी माळ्यावरून काढलेली बंदूक हातात घेऊन पाहता आली. परवाना आजोबांपासून चालत आलेला, त्यावर नुसतं ‘एकनळी’ लिहिलेलं. घरात तिला ‘कोकणातली ठासणीची’ म्हणतात. पण नळीच्या बुडाशी उजव्या बाजूला बिजागरी होती. अंगठ्याने ठोकळा उचलला, की तो दारासारखा उजवीकडे उघडत होता. ठासणीच्या बंदुकीत दारू-गोळी पुढून, नळीच्या तोंडातून जाते. तिला मागे दार कशाला लागेल? ही स्नायडर.

ब्रिटिश लष्कराकडे १८५३च्या नमुन्याच्या ठासणीच्या एन्फील्ड बंदुका प्रचंड संख्येने होत्या. त्या मोडीत काढण्याऐवजी १८६६ साली अमेरिकन जेकब स्नायडरची युक्ती स्वीकारली गेली: नळीचं बूड कापायचं, तिथे बिजागरीचा ठोकळा बसवायचा आणि मागून काडतूस भरायचं. म्हणून अशा बंदुकीत घोड्याच्या बाजूच्या पट्टीवरचं साल पुष्कळदा ठोकळ्यापेक्षा जुनं असतं. पट्टीवरचा मुकुट आणि १८६१ वाचून ‘बंदूक १८६१ची’ म्हणणं घाईचं ठरतं.

या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. मूळ एन्फील्डच्या नळीत तीन वळणदार खाचा असत. गोळी फिरत सुटावी आणि लांबवर नेमकी लागावी, हे त्यांचं काम. याच बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७चा भडका उडाला. त्यानंतर सरकारने देशी शिपायांसाठी गुळगुळीत नळीच्या, कमी पल्ल्याच्या बंदुका काढल्या. शिपायाची गोळी गोऱ्या पलटणीइतकी लांब जाऊ नये, हा अविश्वास चक्क लोखंडात कोरला गेला. मला ही गोष्ट फार बोचते. पुढेही देशी पलटणी एक पिढी मागेच राहिल्या. २७ जुलै १८८०ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ६६व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री या नव्या बंदुका होत्या, तर त्यांच्या शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सकडे स्नायडर.

मग ही नळी लष्कराने गुळगुळीत केली की नंतर एखाद्या गावठी कारागिराने? सरकारी गुळगुळीत बंदुकीवर नेमाची साधी, पक्की खाच असते. लांब पल्ल्याचा नेम धरण्यासाठी उभी करायची शिडीसारखी पट्टी (‘शिडी’) नसते. इथे नळीवर बोटभर लांबीचा चौकोनी डाग आहे, आजूबाजूच्या लोखंडापेक्षा फिका, कडेला डाखाचा करडा पापुद्रा. तिथे शिडी होती, म्हणजे मूळ नळी खाचांची होती. पुढचं लाकूड मधेच कापलेलं, दारू ठासायच्या गजाची खाच पाचर मारून बुजवलेली. नळी आणि लाकूड बांधून ठेवणाऱ्या मूळच्या तीन कड्यांपैकी एकच उरलेली. माझ्या मते हे काम खासगी हातचं आहे: पलटणीतून निघालेली बंदूक छर्‍यासाठी घासून शिकारीला सोपी केली. तसं करणाऱ्याला नेम नको होता, हलकेपणा हवा होता.

अर्थात, सरकारही असले बदल करत राहिलं. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात ३०३ (थ्री-नॉट-थ्री) रायफलींच्या नळ्या छऱ्याच्या ४१० बोअरच्या गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवून, पोलीस-पहारेकऱ्यांसाठी एकबारी मस्केट तयार झाली. ठोकळ्याच्या जागी मॅगझिन बसवून कुणी तिला ‘जुनी थ्री-नॉट-थ्री’ म्हणून दाखवली, तर नळीत डोकावावं.

खुणा वाचताना बाण शोधा; ती सरकारी मालकीची खूण. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची मालकी. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सेवेतून काढून विकलेली. व्हिक्टोरियाचं चिन्ह आणि १९०१नंतरचं साल एकत्र दिसलं, किंवा इंग्रजी अक्षरं उलटी दिसली, तर माल बहुधा पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या शस्त्रबाजारातला, सरहद्दीवरची नक्कल. देवनागरी अक्षरं-आकडे दिसले की आपल्याला लगेच आपलं वाटतं, पण त्या बंदुका बहुधा नेपाळच्या शस्त्रागारातून आलेल्या असतात.

गिरगावच्या बंदुकीवर बाणाखालचा ‘आय’ बुडाच्या लाकडावर, दस्त्याच्या पितळी पट्टीला लागून, निम्मा झिजलेला सापडला. स्नेह्यांना सांगितलं, परवान्यावरचं वर्णन दुरुस्त करून घ्या. १९५९च्या शस्त्र कायद्यात सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला, आणि हिचा ठोकळा अजून घट्ट मिटतो.