रॅली शर्यत : प्रेक्षकांची सुरक्षा (कोकण)

रहदारीसाठी तात्पुरत्या बंद केलेल्या रस्त्यावर, एकेका मोटारीची वेळ मोजून होणाऱ्या शर्यतीला रॅली म्हणतात. गाड्या एकदम सुटत नाहीत. बहुधा एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सुटते. चालकाशेजारी बसलेला सहचालक पुढच्या वळणांच्या नोंदी वाचून दाखवत असतो. ज्या भागात वेळ मोजली जाते ती ‘स्पेशल स्टेज’. दोन स्टेजमधला प्रवास उघड्या रस्त्यावरून, रहदारीचे सगळे नियम पाळून करायचा असतो. कोकणात ‘रॅली’ म्हणून भरणाऱ्या कार्यक्रमांत ठरलेला सरासरी वेग राखण्याच्या स्पर्धा आणि नुसत्या सामुदायिक सफरीही असतात. त्यांना ही नोंद लागू नाही.

सर्किटवर, म्हणजे शर्यतीसाठीच बांधलेल्या धावपट्टीवर, प्रेक्षक आणि गाडी यांच्यामध्ये भिंत, जाळी आणि खडीचा पट्टा असतो. रॅलीच्या रस्त्यावर यातलं काहीच नसतं. ताशी १०० किमी वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. गाडी घसरली हे डोळ्यांना कळून पाय उचलेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ती ४० मीटर पुढे आलेली असते. त्यामुळे ‘आली तर बाजूला होऊ’ हा हिशेबच चुकीचा आहे. उभं राहायची जागा आधी नीट निवडणं हाच बचाव.

अलिबाग–मुरूड पट्ट्यात किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यती पाहून तयार झालेली सवय इथे विशेष घातक ठरते. तिथे गर्दी धावपट्टीत घुसते, गाडी जवळ आली की फाकते आणि मागे पुन्हा मिटते. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत सिंत्राच्या डोंगररस्त्यावर प्रेक्षक नेमके असेच वागत होते. गर्दीत घुसलेल्या एका गाडीने तिथे तिघांचा जीव घेतला आणि तीसहून अधिक लोक जखमी झाले. त्याच वर्षी कॉर्सिकात चालक आणि सहचालक मृत्युमुखी पडल्यावर ‘ग्रुप बी’ वर्गातल्या अतिवेगवान गाड्या जागतिक स्पर्धेतून हद्दपार झाल्या. गाड्या बदलल्या तरी धोका संपला नाही. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या जिम क्लार्क रॅलीत तीन आणि २०१५ मध्ये स्पेनच्या आ कोरुन्या रॅलीत सात जण दगावले.

उभं कुठे राहावं

वळणाची बाहेरची बाजू कायम वर्ज्य. गाडी सुटली की तिकडेच जाते. आतली बाजूही निर्धास्त नाही. चालक वळण कापताना आतल्या दगडाला चाक लागलं की गाडी उलटून आतच कोसळते. चढावरून उडणारी गाडी तिरकी उतरू शकते, म्हणून उतरण्याच्या जागेपुढचा बराच पट्टा मोकळा हवा. फाट्यावर वळायचं असेल तर सरळ पुढे जाणारा रस्ता रिकामा हवा, कारण ब्रेक लागले नाहीत तर गाडी तिथेच शिरते. शेवटच्या रेषेपुढेही कोणी थांबू नये. ती रेषा गाडी पूर्ण वेगात ओलांडते आणि पुढच्या थांब्यापर्यंत जोराने ब्रेक मारत जाते.

चांगली जागा म्हणजे रस्त्याहून दोन-तीन मीटर उंच टेप (उंचवटा), आणि तिथेही कडेवर न बसता चार पावलं मागे. रस्त्याच्या पातळीखाली उभं राहणं केव्हाही वाईट. मागे निसटायला वाट हवी. पाठीला भिंत किंवा काटेरी कुंपण असलं की माणूस अडकतो. बसू नये, खुर्ची टाकू नये, गाडी येते त्या दिशेकडे पाठ करू नये. लाल-पांढरी फीत म्हणजे मनाई, पण ती गाडी अडवत नाही. फितीबाहेर आहोत एवढ्यावर निश्चिंत होण्यात अर्थ नाही. छायाचित्रकार पुढे दिसला म्हणून त्याच्या मागे जाऊ नये. मोबाइलच्या पडद्यावर गाडी आहे त्याहून लांब दिसते, हेही ध्यानात ठेवावं.

कोकणची जमीन

इथली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे गडगा, अर्थात दगडी कुंपण. जांभ्याचे दगड चुना-सिमेंटशिवाय नुसते रचलेले असतात. त्यामागे उभं राहिलं की आडोसा वाटतो, पण गाडी आदळली की गडगा कोसळतो आणि त्याचेच दगड मागच्या माणसांवर येतात. गडग्यावर चढून बसणारे तर पहिल्या हादऱ्यालाच खाली येतात. गडग्याची ओळ दिसली की तिच्यापासून लांब, शक्यतो वरच्या अंगाला सरकावं.

रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) उलटी अडचण असते. सगळं सपाट, ना टेप ना झाड. सुटलेली गाडी अडायला काही नसल्याने लांबवर घसरत जाते. इथे उंचीची कसर अंतरानेच भरून काढायची. त्यात चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणी. उभ्या कापलेल्या, कठडा नसलेल्या आणि सुक्या गवताने झाकलेल्या या खड्ड्यांत गाडी पाहत मागे सरकणारा माणूस सरळ जातो. जागा निवडण्याआधी आपल्या मागचं रान पायी फिरून पाहावं. दहा मिनिटांचं काम आहे. जांभ्याची बारीक खडी चाकाखालून बरीच लांब उडते, डोळ्याला चष्मा असलेला बरा. कोरड्या दिवसांत लाल धुरळ्यामुळे मागची गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तिथे मार्शलची (स्टेजवर देखरेखीला नेमलेल्या माणसाची) शिट्टी आणि इंजिनाचा आवाज यांवर कान ठेवावा.

पावसात त्याच कातळावर शेवाळ धरतं आणि उताराच्या टेपावर उभं राहणाऱ्याचा पाय सुटतो. घाटात दरीकडची बाजू पूर्ण बंद असावी. डोंगराकडे कापलेली कड आणि तिच्या पायथ्याचं गटार यांत माणसाला हलायला जागा नसते, शिवाय वरून दगड येण्याची भीती. घाटरस्त्यावर मोजक्या रुंद जागा सोडल्या तर प्रेक्षक नसावेतच, असं आमचं मत आहे.

फेब्रुवारीपासून पुढे वणव्याचा काळ. तापलेल्या एक्झॉस्टखालचं गवत किंवा टाकलेलं थोटूक यांनी आंबा-काजूची कलमं जळतात. त्यामुळे स्टेजवर धूम्रपान नको आणि गाडी सुक्या गवतात उभी करणंही नको.

वाडी आणि बंद रस्ता

२०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात बंद स्टेजवर आलेल्या मोटारसायकलवरच्या एकाच कुटुंबातल्या तिघांना रॅलीच्या गाडीची धडक बसून मृत्यू आला. ते शर्यत पाहायला आलेले नव्हते. कोकणात हा धोका जास्त आहे. पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) आणि पाणंदी (अरुंद पायवाटा) गडग्याच्या फटीतून थेट रस्त्यावर उतरतात. उतरणाऱ्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला उतरणारा दिसत नाही. अशा प्रत्येक तोंडाशी माणूस हवा, नुसती फीत पुरत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचनाही पुरत नाही. घरोघरी जाऊन बंद राहण्याची वेळ, एसटीच्या बदललेल्या फेऱ्या आणि कोणी आजारी पडल्यास कोणाला फोन करायचा हे सांगावं लागतं. मोकळी गुरं त्या दिवशी गोठ्यात हवीत.

रस्ता पहिल्या गाडीच्या तासभर किंवा त्याहून आधी बंद होतो, तेव्हा त्याआधीच पोचावं. पाणी, टोपी जवळ हवी. स्पर्धकांआधी ‘०००’, ‘००’ आणि ‘०’ क्रमांकांच्या तपासणीच्या गाड्या जातात. गर्दी ऐकत नसेल तर त्यांच्या अहवालावरून स्टेज रद्द होऊ शकते. सगळ्यांत शेवटी स्टेज संपल्याची खूण म्हणून ‘स्वीपर’ गाडी येते. ती जाईपर्यंत रस्ता ओलांडू नये; पंक्चर झालेली गाडी अर्ध्या तासानेही येते.

अपघात झाल्यास

रस्त्यावर धावत जाऊ नये, पुढची गाडी मिनिटाभरात तिथे पोचते. चालक-सहचालक ‘ओके’ पाटी दाखवत असतील तर मदतीची गरज नाही. लाल ‘एसओएस’ पाटी किंवा काहीच हालचाल नसेल तर जवळच्या मार्शलला कळवावं. चालक-सहचालकांनी लाल त्रिकोण गाडीच्या निदान ५० मीटर अलीकडे ठेवायचा असतो. गाडी ढकलायची ती मार्शलने सांगितल्यावरच, आणि उताराच्या बाजूने कधीच नाही.

परवानगी

राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. खेळाचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. मार्शल, रुग्णवाहिका आणि फिती यांपैकी काहीच दिसत नसेल, तर ती रॅली नसून रस्त्यावरची बेकायदा शर्यत असण्याचाच संभव जास्त. तिथे न थांबता पोलिसांना ११२ वर कळवावं.