वंशवाद आणि स्वसमूहकेंद्रितता: 'आम्ही कुणाचा द्वेष करत नाही' हा बचाव कुठे लंगडा पडतो

लेखांत, भाषणांत आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. नुसत्या शब्दांचा घोळ असता तर चाललं असतं. पण रोग चुकीचा ओळखला की औषधही चुकतं, आणि या बाबतीत चुकीचं औषध रोग वाढवतं.

वंशवाद सगळ्यांना माहीत आहे. माणसाची लायकी जन्मावरून, रक्तावरून ठरते आणि ती कधी बदलत नाही, हा तो दावा. त्यावर इथे वेळ घालवायला नको.

स्वसमूहकेंद्रितता ही कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ साली रूढ केली. आपला समूह सगळ्याच्या मध्यभागी आणि बाकीचे सगळे आपल्याच मोजपट्टीने मोजायचे, असा तिचा गाभा. या व्याख्येत रक्त नाही आणि द्वेषही नाही. समोरच्यावर मनापासून माया असतानाही ही दृष्टी पूर्ण ताकदीने काम करते. लोक फसतात ते इथेच.

एकाच देशातल्या, एकाच वर्षातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो.

जून १८९२. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात होमर प्लेसी हे गृहस्थ गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसले म्हणून त्यांना अटक झाली. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. दिसायला, बोलायला, पेहरावाला ते गोऱ्यांपेक्षा वेगळे नव्हते. तरीही कायद्याने ते 'काळे'च. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ साली वेगळे डबे वैध ठरले. हा शुद्ध वंशवाद. तुम्ही कितीही बदललात तरी दार बंद.

त्याच वर्षी लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी डेन्व्हरच्या भाषणात म्हटलं की माणसातला इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी) मारा आणि माणूस वाचवा. पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे १८७९ साली त्यांनी मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. मूलनिवासी जन्माने कमी आहेत असं प्रॅट मानत नव्हते, उलट या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांइतकीच आहे हे ते ठासून सांगत. पण त्यांची भाषा, नावं, केस, देवधर्म हे सगळं त्यांना निव्वळ अडथळा वाटायचं. म्हणून मुलं आली की केस कापायचे, इंग्रजी नाव द्यायचं, मातृभाषा बोलण्यावर बंदी घालायची, सुट्टीत घरी न पाठवता गोऱ्या कुटुंबांकडे कामाला ठेवायचं. लाकोटा समाजात केस कापतात ते घरात मृत्यू झाल्यावर, हे विचारायची गरज शाळेत कुणाला वाटली नाही. शाळा १९१८ साली बंद झाली. तिथल्या दफनभूमीत दीडशेहून अधिक मुलं पुरली गेली.

प्लेसींना दार बंद होतं, कार्लाइलच्या मुलांना ते सताड उघडं होतं. अट एकच, आत येताना स्वतःला बाहेर ठेवून यायचं. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे. 'समोरचा आपल्यासारखा होऊ शकतो का?' या प्रश्नाला वंशवादी 'कधीच नाही' म्हणतो. स्वसमूहकेंद्री माणूस म्हणतो, 'होऊ शकतो, आणि झालाच पाहिजे.'

औषध चुकतं म्हणजे काय, ते आता कळेल. वंशवादावर उपाय म्हणजे दार उघडणं: प्रवेश द्या, भेदभावावर बंदी घाला. स्वसमूहकेंद्रिततेवर हा उपाय चालत नाही, कारण प्रवेश हेच तर तिचं हत्यार आहे.

दोन्ही एकत्रही येतात, आणि त्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात गुन्हेगारी जन्मजात मानली होती, मूल जन्मलं की शिक्का बसलेलाच. हा वंशवाद. पण पाल टाकून फिरणारा माणूस संशयित, आणि एका जागी बसवून, हजेरी घेऊन, मजुरीला लावला की तो सुधारतो, हा हिशेब स्थिर वस्ती हीच सभ्यता मानणाऱ्यांचा होता. सोलापूरच्या सेटलमेंटमागे, म्हणजे या जमातींना नजरेखाली ठेवायच्या वसाहतीमागे, हे दोन्ही विचार होते. कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून या समाजांना 'विमुक्त' म्हणतात. जन्माचा शिक्का कागदावरून गेला, पण 'घर नाही, पत्ता नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे' ही नजर मात्र अजून जात नाही.

परकीयांची भीती, देशाभिमान, अस्मिता या गोष्टीही याच पिशवीत कोंबल्या जातात. आपली भाषा, आपलं जेवण आवडणं यात काही वावगं नाही. दुसऱ्याच्या भाषेला 'बोलीच ती' म्हणून उडवून लावलं की मोजपट्टी आली. एवढं पुरे.

'मग काय, दुसऱ्यांचं सगळंच बरोबर म्हणायचं का?' हा प्रश्न मात्र फार वैताग आणतो. एखादी प्रथा त्या समाजात काय काम करते हे आधी तपासा, मग खुशाल विरोध करा. समजून घेणं म्हणजे मान्यता देणं नव्हे.

व्यवहारात ही दृष्टी पकडायची असेल तर अहवालांतले नकार मोजा. 'यांच्यात शिस्त नाही, बचत नाही, शिक्षणाची ओढ नाही.' ज्या वर्णनात फक्त काय नाही तेच येतं, तिथे लिहिणाऱ्याने स्वतःची यादी हातात धरलेली असते. दुसरं पाहा, बदलाचा सगळा भार कुणावर टाकला आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत पहिलीला बसतं. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. मूल वर्गात गप्प बसतं आणि 'मुलाला बोलता येत नाही' असा शेरा पडतो. इथे द्वेष कुणाचाच नाही, प्रवेशही कुणी नाकारलेला नाही. तेच वाक्य 'मूल घरी कोरकू बोलतं, वर्गात कोरकू जाणणारं कुणी नाही' असं लिहून पाहा. मागणी लगेच बदलते: हजेरीचा तगादा आणि पालकांची शिबिरं बाजूला राहतात, आणि कोरकू जाणणारा शिक्षक व पहिलीचं दोन भाषांतलं पुस्तक यादीत वर येतं. राज्यघटनेच्या ३५०क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याच्या सोयीची तरतूद १९५६ पासून आहे, त्यामुळे ही मागणी करताना कुणाच्या दयेवर अवलंबून राहावं लागत नाही.