क्रिएशनिझम ते इंटेलिजेंट डिझाइन : डोव्हर खटल्याच्या मागचा इतिहास

सजीव देवाने निर्माण केले असं मानणं म्हणजे क्रिएशनिझम. सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की ते कुणीतरी बुद्धीने रचले असणार, हे इंटेलिजेंट डिझाइनवाल्यांचं म्हणणं, फक्त रचणारा कोण ते सांगायचं नाही. का सांगायचं नाही, हे अमेरिकेतले कोर्टाचे निकाल ओळीने बघितले की कळतं.

१९२५ साली टेनेसीमध्ये कायदा झाला की सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं नाही. डेटन गावच्या जॉन स्कोप्स या मास्तरांवर खटला चालला, १०० डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला पण कायदा १९६७ पर्यंत जागेवरच होता. भांडण नको म्हणून प्रकाशकांनीही उत्क्रांती पुस्तकातून कमी केली. मग १९५७ ला रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला, आपण विज्ञानात मागे पडलो अशी धास्ती बसली, सरकारी पैशातून जीवशास्त्राची नवी पुस्तकं आली आणि त्यात उत्क्रांती परत आली. अर्कान्सासमध्ये तर नवीन पुस्तकात उत्क्रांती आणि राज्याच्या कायद्यात तिच्यावर बंदी, शिकवणाऱ्याने करायचं काय? सुझन एपर्सन या शिक्षिका कोर्टात गेल्या आणि १९६८ ला सुप्रीम कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, कारण तिथल्या घटनेप्रमाणे सरकारला कुठलाही धर्म पुढे करता येत नाही.

बंदी गेली, मग मागणी बदलली. उत्क्रांती शिकवता ना, मग 'क्रिएशन सायन्स'लाही, म्हणजे विज्ञान म्हणून मांडलेल्या क्रिएशनिझमलाही, तेवढाच वेळ द्या. लुइझियानाने तसा कायदाच केला. त्याविरुद्ध ७२ नोबेलविजेत्यांनी सुप्रीम कोर्टात निवेदन दिलं आणि जून १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तोही कायदा त्याच कारणाने पडला.

आता इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग येतो. त्याच सुमारास 'ऑफ पांडाज अँड पीपल' नावाचं शाळेसाठीचं पुस्तक लिहून होत होतं. त्याचे कच्चे खर्डे पुढे कोर्टात आले, बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने ते एकेक करून तपासले, तर १९८७ च्या निकालाआधी जिथे 'क्रिएशन' होतं तिथे निकालानंतर 'इंटेलिजेंट डिझाइन' आलेलं, व्याख्या मात्र जवळजवळ शब्दशः तीच. एका ठिकाणी तर 'क्रिएशनिस्ट्स' काढून 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकताना जुन्या इंग्रजी शब्दाचं (creationists) पुढचं 'सी' आणि मागचं 'इस्ट्स' तसंच चिकटून राहिलं होतं.

हे बाहेर आलं ते पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावामुळे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने (सरकारी शाळा चालवणारं, लोकांनी निवडलेलं मंडळ) ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं : डार्विनचं म्हणणं ही थिअरी आहे, फॅक्ट नाही, त्यात गॅप आहेत, आणि दुसरी बाजू हवी तर 'पांडाज' वाचा. (आपण मराठीत सिद्धांत म्हणतो तेव्हा सिद्ध झालेलं असा अर्थ लगेच कानावर येतो, पण 'माझी एक थिअरी आहे' म्हणतो तेव्हा नुसता अंदाज असतो, तिथला सगळा घोळ याच दुसऱ्या अर्थावर उभा होता.) विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला साफ नकार दिला, हे विज्ञान नाही असं लेखी कळवलं, शेवटी प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. नोकरी त्याच बोर्डाच्या हातात असताना हे करायला धैर्य लागतं, मला या शिक्षकांबद्दल फार आदर वाटतो.

११ पालकांनी केस केली. २००५ च्या सुनावणीत बचाव पक्षाचे, म्हणजे बोर्डाच्या बाजूचे, मुख्य तज्ज्ञ होते बायोकेमिस्ट मायकल बीही. रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही असं ते म्हणत आले होते, तर समोरच्या वकिलांनी त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि ९ पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली, तरी त्यांच्या मते तो पुरावा पुरेसा नव्हता. विज्ञानाची त्यांची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल हेही त्यांना मान्य करावं लागलं. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले, त्यांनी २० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल दिला : इंटेलिजेंट डिझाइन विज्ञान नाही, क्रिएशनिझमचंच रूप आहे. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत गावाने त्या बोर्डाच्या आठ सदस्यांना घरी बसवलं होतं. नव्या बोर्डाने अपील केलं नाही आणि पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून १० लाख डॉलर भरायचं कबूल केलं.

आपल्याकडे हा वाद कोर्टात गेलेला नाही, पण जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आत्ताचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चुकीचा आहे आणि शाळेतला अभ्यासक्रम बदलायला हवा, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी जाहीर विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून भार कमी करायचा म्हणून उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्स, आयटीआयला जाणारी मुलं तिथपर्यंत पोचतच नाहीत.