डोंगर कुठल्या बाजूला? फोटोवरून ठिकाण शोधण्याच्या विद्येची पार्श्वभूमी

गेल्या हिवाळ्यात आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिबट्या आला. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला, मागे डोंगर, डोंगराच्या माथ्यावरून नुकतं डोकावणारं ऊन, कोपऱ्यात सीसीटीव्हीची वेळ 07:40. खाली मजकूर: 'आज सकाळी, घोडबंदर रोड. मुलांना खाली सोडू नका.' ठाणेकराला यात अशक्य काही वाटत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये बिबट्या खरोखरच कोरम मॉलच्या आवारात शिरला होता. पण फोटो बघताना काहीतरी खटकत होतं. घोडबंदर रोडला लागून असलेला डोंगर येऊरचा, म्हणजे पश्चिमेचा आणि दक्षिणेचा. त्याच्याआड सूर्य मावळतो, उगवत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असेल, ऊन मावळतीचं असेल म्हणावं, तर गेटपाशी सकाळच्या दुधाचे क्रेट रचलेले.

या असल्या ताडून बघण्याला आता जिओलोकेशन म्हणतात आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या माहितीवरून केलेल्या तपासाला ओसिंट. नावं नवी आहेत. विद्या जुनीच.

किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून समुद्रातली जागा ओळखणं मच्छीमारांना कोणी शिकवावं लागलं नाही. 1802 मध्ये मद्रासजवळ लॅम्बटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिचंही तत्त्व हेच: दोन ठिकाणं पक्की ठाऊक असली की तिसरं कोनांवरून काढता येतं. फोटो यात शिरला तो एका अपघातामुळे, खरं तर थोडक्यात टळलेल्या अपघातामुळे. 1858 मध्ये जर्मनीतल्या वेट्झलार इथल्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद वरून पडता पडता वाचला. एवढं उंच चढण्यापेक्षा फोटो काढून त्यावरच मापं घेतली तर, असं त्याच्या मनात आलं. त्यातून उभ्या राहिलेल्या शास्त्राला 1867 मध्ये फोटोग्रामेट्री हे नाव मिळालं. फ्रान्समध्ये लोसेदा हा लष्करी अधिकारी त्याच सुमारास फोटोंवरून नकाशे करत होता.

दुसऱ्या महायुद्धात सामान्य माणसाचा अल्बमही कामाला आला. 1942 मध्ये बीबीसीवरून ब्रिटिश श्रोत्यांना आवाहन झालं, की युरोपच्या किनाऱ्यांवर सुट्टीत काढलेले फोटो आणि पोस्टकार्डं पाठवा. लाखोंनी आली. पोरं वाळूत खेळताहेत, मागे किनाऱ्याचा चढ दिसतोय; सैन्याला तो चढ हवा होता. तरी ताडून बघायचं काम सरकारच्या बंद खोलीतच राहिलं, कारण हवाई फोटो आणि नकाशे तिथेच होते.

ते कुलूप निघालं 2000 नंतरच्या पाचसात वर्षांत. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. 2004 मध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनीच भरलेला खुला नकाशा सुरू झाला, 2005 मध्ये उपग्रहाचे फोटो दाखवणारं गुगल अर्थ आलं, 2007 मध्ये अमेरिकेत रस्त्यावरून काढलेले फोटो दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू. फोनमधला फोटो आपल्या पोटात अक्षांश-रेखांशही ठेवू लागला. मात्र व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. म्हणून फॉरवर्डच्या बाबतीत शेवटी डोळ्यांवरच भिस्त.

याची खरी परीक्षा युद्धात झाली. इंग्लंडमधला एलियट हिगिन्स 2012 पासून घरी बसून सीरियातले व्हिडिओ तपासत होता. जुलै 2014 मध्ये त्याने बेलिंगकॅट हा तपास गट सुरू केला आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेला युक्रेनवर मलेशियाचं एमएच 17 हे प्रवासी विमान पाडलं गेलं. 298 माणसं गेली. ते पाडणाऱ्या बुक क्षेपणास्त्राची गाडी कुठून कशी गेली, हे लोकांनी सहज काढलेल्या फोटोंवरून, त्यातल्या दुकानांच्या पाट्या, झाडं आणि इमारती जुळवून दाखवता आलं.

मला मात्र जास्त जवळचं वाटतं ते कॅमेरूनचं प्रकरण. 2018 मध्ये एक व्हिडिओ पसरला: सैनिक दोन बायका आणि दोन मुलांना घेऊन जातात आणि गोळ्या घालतात. हे आमच्या देशातलं नाहीच, असं सरकार आधी म्हणालं. बीबीसीच्या आफ्रिका आय गटाने व्हिडिओतली डोंगराची कड गुगल अर्थवरच्या डोंगररांगेशी जुळवून जागा शोधली, आणि सावल्यांवरून काळही बांधला, 20 मार्च ते 5 एप्रिल 2015. 2020 मध्ये चार सैनिकांना 10 वर्षांची शिक्षा झाली.

सावल्यांचं गणित आपल्याकडे करून बघण्यासारखं आहे. ठाणं 19.2 उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर उत्तरेला. 10 मीटर उंच खांबाची 21 डिसेंबरची माध्यान्हीची सावली सव्वानऊ मीटरच्या आसपास, 21 जूनची मीटरभरही नाही. (जूनमध्ये ऊन मिळालं तर.)

भारतात रस्त्यावरचे फोटो उशिरा आले. 2011 मध्ये बेंगळुरूत स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या पोलिसांनी थांबवल्या. सेवा सुरू झाली जुलै 2022 मध्ये, पहिल्या 10 शहरांत मुंबई, पुणे, नाशिक होती. तोवर आधार होता विकिमॅपिया या ऑनलाइन नकाशावर लोकांनी लिहिलेल्या टिपांचा आणि लोकलच्या दारातून काढलेल्या व्हिडिओंचा. 2017 मध्ये अल्ट न्यूज ही खोट्या बातम्या तपासणारी वेबसाइट सुरू झाली आणि फॉरवर्ड तपासणं हे आपल्याकडेही पूर्ण वेळ करायचं काम ठरलं.

नवी मुंबई या कामाला अवघड. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. एकाच धाटणीचे नोड (म्हणजे वसाहती), एकाच धाटणीच्या इमारती. सेक्टरचा आकडा फोटोत नसेल तर नेरूळ की कोपरखैरणे, सांगणं कठीण. एमएच 43 ची गाडी दिसली तरी ती कुठेही उभी असू शकते. हाताशी राहते ती पूर्वेची पारसिकची रांग, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत सोबत करणारी. पण डोंगरही कायमचे असतात असं धरून चालता येत नाही: विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदी वळवली. ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. पामबीच रोडच्या टोकावरून काढलेल्या फोटोत ती टेकडी दिसली की तो फोटो जुना. ठिकाण ओळखायला बसलेल्याला वर्ष फुकटात मिळतं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की हे घोडबंदर नाही. दोन अंगठे आले आणि 'पण काळजी घेतलेली बरी' असं एक उत्तर. पावसाळ्यात तोच बिबट्या परत आला, या वेळी 'बेलापूर, सेक्टर 8' म्हणून. पंचाईत झाली, बेलापूरला डोंगर पूर्वेलाच आहे, ऊन बरोबर बसत होतं. पण ही प्रत कडा न कापलेली होती. डावीकडे गेटवरच्या पाटीची दोन अक्षरं दिसत होती. मोठी करून बघितली. शिरोरेघ नव्हती. गुजराती.