एका पेसोची गोळी आणि दमट हवा

फिलिपिन्समध्ये गल्लीतल्या छोट्या किराणा दुकानाला ‘सारी-सारी’ म्हणतात. तागालोग भाषेत सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. बरीचशी दुकानं घराच्याच खिडकीत थाटलेली, पुढे जाळी, जाळीमागे गोळ्यांच्या बरण्या. इथे सगळं सुटं मिळतं: शांपूची एक पुडी, एक सिगारेट, एक गोळी. अशा सुट्या विक्रीला ‘तिंगी’ हा खास शब्द आहे. हातात एक-दोन पेसो पडले की पोरं बरणीकडे बोट दाखवतात. बरणीचं झाकण मात्र दुकानदारीण लगेच घट्ट लावते. पोरांपेक्षा तिला हवेची धास्ती जास्त.

पाकाची परीक्षा आपल्या स्वयंपाकघरांना नवी नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही सगळी खरं तर पाक किती आटला याची मापं. पाणी उडत जातं तसा पाक जास्त तापतो. गोळीबंद पाक ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. १५० अंशांजवळ पोचला की त्यात जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरतं. हा पाक झटपट थंड केला तर साखरेच्या रेणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही. जिथे असतील तिथेच ते थिजतात. खडीसाखर आणि कडक गोळी एकाच साखरेच्या, पण खडीसाखरेत रेणू कवायतीला उभे असतात, तर गोळीत जत्रेतल्या गर्दीसारखे. अशा अस्ताव्यस्त थिजलेल्या पदार्थाला शास्त्रज्ञ काच म्हणतात, आणि खिडकीची काचही याच जातीची.

या काचेचं वैर पाण्याशी. तिच्यात तीन-चार टक्के ओल शिरली तरी ती नेहमीच्या हवेतच मऊ पडते, चिकटते, कागद सोडवेना होतो. फिलिपिन्सची सरासरी आर्द्रता मार्चमध्ये ७१ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ८५ टक्के. म्हणजे तिथला सगळ्यात कोरडा महिनासुद्धा गोळीच्या दृष्टीने ओलाच. म्हणून प्रत्येक गोळीला वेगळा कागद आणि वर बरणीला घट्ट झाकण.

कागदात गुंडाळलेल्या गोळ्या येण्याआधीपासून उत्तरेकडच्या इलोकोस भागात ‘बालिकुत्सा’ बनते. उसाचा रस आटवत काकवीच्याही पुढे न्यायचा, थोडा निवला की तो गोळा लाकडी खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. गूळरंगी गोळा बघता बघता साईच्या रंगाचा होतो. यात रंग घातलेला नसतो. दर घडीत थोडी हवा अडकते, तिचे असंख्य बारीक बुडबुडे होतात आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो. साबण कुठल्याही रंगाचा असला तरी फेस पांढराच दिसतो, तसंच हे. उसाच्या रसात मुळातच थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. त्यांचे वेगळ्या घडणीचे रेणू साखरेच्या रांगेत घुसतात आणि खडे बनू देत नाहीत. म्हणून गोळा तुटता तुटत नाही. शेवटी त्याच्या छोट्या वेटोळ्या करतात. मोठी माणसं त्या कॉफीत टाकतात, मुलं तशाच तोंडात. अशाच दुसऱ्या ओढलेल्या मिठाईचं नाव ‘तिरा-तिरा’. स्पॅनिशमध्ये ‘तिरार’ म्हणजे ओढणे!

दुधाच्या मिठाईत ‘पास्तियास’चा मान मोठा. बुलाकान प्रांतातलं सान मिगेल गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपला पेढा डोळ्यांसमोर आणा, फक्त लांबट आणि पांढरा. मूळ कृतीत दूध काराबाओचं, म्हणजे तिथल्या म्हशीचं, गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्ध. पण काराबाओ भातखाचरात राबणारी जात, दिवसाला लिटर-दोन लिटरवर हात आखडणारी. १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या फिलिपिन काराबाओ सेंटरने तिचा संकर मुऱ्हा म्हशींशी केला, दूध वाढावं म्हणून. मुऱ्हा आपल्या हरियाणाची. तेव्हा तिथल्या एखाद्या पास्तियासमध्ये आपल्याकडची म्हैसही असू शकते. सारी-सारीत मिळणारी स्वस्त पास्तियास मात्र बहुधा दूध पावडरीची.

चिंचेची गोळी, तिथली ‘साम्पालोक’, शाळेबाहेर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ओळखीची वाटेल: गर, साखर, मीठ. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि साखर एकमेकांची धार बोथट करतात. मिठाचं काम जरा छुपं, ते जिभेवर कडवटपणा दाबतं, त्यामुळे उरलेल्या चवी उठून दिसतात. एवढी साखर आणि आम्ल असल्यावर जंतूंच्या वाट्याला पाणीही फारसं उरत नाही, म्हणून ही गोळी उकाड्यातही टिकते.

दातांवर मात्र हे जंतूच सूड उगवतात. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात. पीएच हे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त; तोंडातला पीएच ५.५च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं, आणि लाळेला परिस्थिती सावरायला साधारण अर्धा तास लागतो. इथे ‘तिंगी’ अंगाशी येते. चार गोळ्या एकदम संपवणाऱ्या पोराच्या दातांना एक आम्लाचा तडाखा; तासातासाने एकेक आणणाऱ्याला चार. २००६च्या राष्ट्रीय पाहणीत फिलिपिन्समधल्या सहा वर्षांच्या ९७.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. दोष एकट्या गोळ्यांचा नाही, पण त्या निर्दोषही नाहीत.

गोळी तिथे चिल्लरही होती, आपल्याकडच्या ‘सुटे नाहीत, गोळी चालेल का?’सारखीच. २०१६ पासून कायद्याने त्याला मनाई आहे; सुटे पैसे पैशातच द्यायचे. व्हिनेगर आणायला पाठवलेलं पोर मात्र उरलेल्या एका पेसोसाठी तक्रार करायला जाईल, असं काही दिसत नाही.