अजिंक्यताऱ्याचं रान कुणी राखलं?

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर मोर ओरडले की खालच्या पेठांत ऐकू येतात. बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येते, दोन दिवस मोबाईलवर व्हिडिओ फिरतात आणि मग 'चार भिंती' स्मारकाकडे फिरायला जाणारे पुन्हा पहाटे बाहेर पडतात. शहराला इतकं चिकटून रान कसं उरलं, असं परगावचा माणूस विचारतो. सातारकराला हा प्रश्न सहसा पडत नाही.

उत्तराचा पहिला धागा युद्धात आहे. किल्ला शिलाहारांचा, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६९९ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला आणि १७०० मध्ये किल्ला त्याच्या हाती गेला. अशा काळात गडाखालची झाडी ही शोभेची गोष्ट नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट सांगितलंय, की गडाच्या घेऱ्यातली झाडी मुद्दाम वाढवावी, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये. ते लिहिलं गेलं कोल्हापूरच्या गादीसाठी, पण रीत साऱ्या गडांची होती. दाट झाडीतून शत्रूला तोफा चढवता येत नाहीत, इतका साधा हिशेब.

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला आणि पायथ्याला पेठा वसू लागल्या. वस्ती आली म्हणजे पाणी आलंच पाहिजे. कृष्णा आणि वेण्णा या दोन्ही नद्या शहराच्या खालच्या अंगाला, माहुलीला मिळतात. तिथून पाणी वर उपसणं त्या काळी अवघड, म्हणून शहराची नजर डोंगराकडे वळली. शहरालगतच्या यवतेश्वर डोंगराच्या उतारावरचं पाणी, महादऱ्याचं तळं, पुढे ब्रिटिश अमलात बांधलेला कासचा तलाव, सगळं उताराने घरात येणारं. कासचं पाणी तर कित्येक वर्षं उघड्या पाटाने, डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत सातारला पोचायचं.

माझ्या मते आपल्या रानाची खरी गोष्ट या पाटात आहे. साताऱ्याने रान राखलं, असं म्हणणं जरा जास्तच होईल. राखलं ते पाणी. त्याच्या आडोशाने रान वाचलं. एरवी उतारावरून जळण आणि गवत गेलं, गुरं चरली, आणि अजूनही उन्हाळ्यात कुणी काडी लावतं. नवं गवत चांगलं येतं ही जुनी समजूत काही केल्या जात नाही. वणवा लागला की रात्री पेठेतून डोंगरावर ठिणग्यांची ओळ सरकताना दिसते. सकाळी उरतात काळी ढेकळं आणि करपलेली रोपं.

डोंगराकडे 'निसर्ग' म्हणून पाहायला आपण फार उशिरा शिकलो. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्यात डबक्यातून उगवणाऱ्या वायतुऱ्याचा एक प्रकार १९८२ मध्ये शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला. पाण्यावर दोन फाटे फुटलेला गुलाबीसर तुरा, आणि शास्त्रीय नावात चक्क आपला जिल्हा: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सर्वसामान्यांना कास कळलं ते मात्र २०१२ मध्ये, पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्यावर. मग गर्दी, शुल्क, रोजची मर्यादा, कुंपणावरून वाद. फुलं बघायची तर पंचवीस किलोमीटर लांब जायचं, हेही मनात तेव्हाच पक्कं बसलं.

घराजवळच्या रानाकडे लक्ष गेलं ते फुलपाखरांमुळे. यवतेश्वरच्या कुशीतलं महादऱ्याचं जंगल आता फुलपाखरांसाठी संवर्धन राखीव आहे. हा प्रकार वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. अभयारण्यापेक्षा तो सौम्य: जागा सरकारी असावी लागते, घोषणेआधी स्थानिकांशी बोलावं लागतं आणि देखरेखीच्या समितीत गावच्या पंचायतीचा माणूस बसतो. नीलवंत हे राज्याचं फुलपाखरू ठरलं २०१५ मध्ये. पण फुलपाखरू वाचवायचं म्हणजे त्याच्या अळीचं खाद्यझाड वाचवायचं, आणि त्या झाडांना आपल्याकडे सर्रास 'झुडपं' म्हणून साफ करतात.

२०२० च्या हद्दवाढीत किल्लाही नगरपालिकेच्या हद्दीत आला. त्यामुळे 'बिबट्या शहरात शिरला' या मथळ्याला आता फारसा अर्थ उरला नाही; तो होता तिथेच आहे. प्रश्न यवतेश्वरच्या रस्त्याचा. तिथे हॉटेलं आणि फार्महाऊस वाढताहेत, आणि खासगी जमिनीला संवर्धन राखीवचा नियम लागत नाही.